थेरपी डॉगला बांधायचं काय? पट्टा, हार्नेस आणि त्यामागचं साधं शास्त्र

रुग्णालयाच्या वॉर्डात एक कुत्री आजोबांच्या पलंगाला टेकून उभी आहे. आजोबांचा हात तिच्या कानामागे फिरतोय. तेवढ्यात मागे कुणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे निसटतो. खणकन आवाज होतो, कुत्री दचकून एक पाऊल मागे घेते, आणि तिला घेऊन आलेल्या माणसाचा हात, त्यानं काही ठरवायच्या आतच, हातातली दोरी खेचतो.

पुढच्या अर्ध्या सेकंदात काय होईल, ते कुत्रीच्या अंगावर काय बांधलंय यावर बरंचसं ठरतं. छातीवरून जाणारा हार्नेस असेल तर हिसका छातीच्या हाडावर बसतो, ती वळून आपल्या माणसाकडे बघते आणि दोन श्वासांत सावरते. गळ्यात आतल्या बाजूला काटे असलेली साखळी असेल तर नेमकं आजोबांकडे बघत असताना तिच्या मानेत कळ जाते. ट्रे कुणी पाडला, दोरी का ओढली गेली, हे तिला कळायचा काही मार्ग नाही. तिच्या डोक्यात एवढंच बसतं की या माणसाजवळ उभी होते आणि दुखलं.

आजारी मुलाच्या पलंगावर डोकं ठेवून बसलेल्या कुत्र्यांचे व्हिडिओ हल्ली सगळ्यांच्याच फोनवर येतात. ते बघून आपल्याही कुत्र्याला असं न्यावं, असं अनेकांना मनापासून वाटतं. मग शोधाशोध सुरू होते आणि माणूस गोंधळतो. चामड्याचे पट्टे, नायलॉनचे पट्टे, साखळ्या, तोंडावरून जाणारे पट्टे, पुढे कडी असलेले हार्नेस, मागे कडी असलेले हार्नेस, बटण दाबलं की लांब होणाऱ्या दोऱ्या. प्रत्येकावर ‘ट्रेनिंगसाठी उत्तम’ असं लिहिलेलं. यातलं काय घ्यायचं आणि का, हे समजावून घेण्यासाठी हा लेख.

## थेरपी डॉग म्हणजे नेमका कोणता कुत्रा?

रुग्णालयात, वृद्धाश्रमात, शाळेत आपल्या माणसासोबत जाऊन तिथल्या लोकांना सोबत करणारा कुत्रा म्हणजे थेरपी डॉग. त्याला घेऊन जाणाऱ्याला हँडलर म्हणतात. अंध व्यक्तीला रस्ता दाखवणारा कुत्रा वेगळा. तो एकाच माणसासाठी काम करतो आणि त्याच्या हार्नेसला असलेला कडक दांडा हे त्या कामाचं अवजार असतं. थेरपी डॉगचं काम म्हणजे अनोळखी माणसांना आपल्याला हात लावू देणं, आणि तेही आनंदानं.

या कामाला संघटित रूप येऊन फार काळ झालेला नाही. इलेन स्मिथ नावाच्या नर्सनं १९७६ साली अमेरिकेत ‘थेरपी डॉग्ज इंटरनॅशनल’ ही संस्था सुरू केली. त्यानंतर अशा अनेक संस्था उभ्या राहिल्या. कुत्र्याची परीक्षा घेऊन त्याला भेटींसाठी पाठवणाऱ्या या संस्था त्याच्या अंगावर काय चालेल आणि काय नाही, याचेही नियम करतात. गळा आवळणाऱ्या साखळ्या, काट्यांचे पट्टे, विजेचा झटका देणारे पट्टे यांना नामांकित संस्थांच्या भेटींमध्ये थारा नसतो. हे नियम केवळ भूतदयेपोटी आलेले नाहीत. रुग्णाच्या सुरक्षेचा त्यांच्याशी थेट संबंध आहे, तो कसा ते पुढे येईलच.

## आधी शब्द नीट लावून घेऊ

आपण मराठीत कुत्र्याच्या गळ्यात असतो त्यालाही पट्टा म्हणतो आणि आपल्या हातात असतो त्यालाही. त्यामुळे ‘पट्टा ओढू नका’ म्हटलं की नेमकं काय करायचं नाही, तेच कळत नाही. या लेखात गळ्याभोवतीचा तो पट्टा. आपल्या हातातली ती लीश. आणि छाती-पाठीला वेढा घालून बसतो तो हार्नेस. बाकीचे शब्द लागतील तसे सांगते.

## मानेत असतं तरी काय?

भाजीच्या जड पिशवीचे बंद बोटांत रुततात, तेव्हा आपण काय करतो? बंदाखाली रुमालाची घडी ठेवतो. पिशवीचं वजन तेवढंच राहतं, पण ते जास्त जागेवर पसरतं आणि रुतणं कमी होतं. पट्टा आणि हार्नेस यांतल्या फरकाची सुरुवात इथून होते. तीच ओढ अरुंद जागेवर आली की टोचते, रुंद जागेवर पसरली की सोसते.

पण कुठल्या जागेवर येते, हे त्याहून महत्त्वाचं. गाडीतला सीटबेल्ट मुद्दाम खांद्यावरून, छातीवरून आणि कमरेच्या हाडावरून नेलेला असतो, कारण हाडं धक्का पेलू शकतात. तोच बेल्ट कुणी गळ्याभोवती लावला असता का?

कुत्र्याच्या गळ्यात पुढच्या बाजूला श्वासनलिका असते. तिच्या भिंतीत इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराच्या कुर्च्यांच्या कड्या असतात. तिच्या दोन्ही बाजूंना थायरॉइड ग्रंथी, शेजारून मेंदूकडे जाणाऱ्या-येणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, मज्जातंतू, आणि जबड्याखाली लाळग्रंथी. हे सगळं कातडीच्या फार खाली नसतं. पोमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा अशा छोट्या जातींमध्ये तर श्वासनलिकेच्या कड्या कमकुवत होऊन ती चपटी होण्याचा आजार बराच आढळतो. अशा कुत्र्याला पट्ट्यानं ओढलं की हॉर्न वाजल्यासारखा कोरडा खोकला येतो. तो ऐकला की पट्टा काढून ठेवावा आणि पशुवैद्याकडे जावं.

डोळ्यांचंही तसंच. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २६ कुत्र्यांच्या ५१ डोळ्यांतला दाब मोजला होता. पट्ट्यानं ओढ दिली की डोळ्यातला दाब लक्षणीय वाढला. हार्नेसनं तेवढीच ओढ दिल्यावर तसा वाढला नाही. काचबिंदू असलेल्या, बुबुळ अशक्त असलेल्या किंवा पगसारख्या बाहेर आलेल्या डोळ्यांच्या कुत्र्यासाठी हा फरक मोठा आहे.

## “पण माझा पट्टा मऊ आहे, रुंद आहे”

हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तरही मोजून मिळालेलं आहे. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२० साली कृत्रिम मान तयार करून तिच्यावर सात प्रकारचे पट्टे आणि एक फासाची लीश लावून पाहिली. साधी ओढ, जोराची ओढ आणि हिसका, असं तिन्ही करून मानेवरचा दाब मोजला. रुंद आणि अस्तराचे पट्टे त्यांत होते. पट्ट्यांमध्ये फरक दिसला, पण ओढ बसल्यावर इजेचा धोका टळेल इतका कमी दाब एकाही पट्ट्यानं दिला नाही.

याचा अर्थ साधा पट्टा वाईट, असा मी घेत नाही. मऊ, सपाट, बकलचा पट्टा ओळखपत्र अडकवायला उत्तम आहे, आणि सैल लीशवर शांतपणे चालणाऱ्या कुत्र्याला त्यानं काहीही होत नाही. बऱ्याच संस्था भेटींसाठीही तो चालवून घेतात. अडचण येते ती ओढ बसल्यावर. आणि थेरपीच्या भेटीत ओढ केव्हा बसेल हे आपल्या हातात नसतं. लिफ्टचं दार मध्येच बंद व्हायला लागतं, चाकाची खुर्ची अचानक वळते, एखादं मूल आनंदानं लीशच धरून पळतं. म्हणून ओळखपत्रासाठी पट्टा आणि लीश अडकवायला हार्नेस, ही जोडी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते.

ग्रेहाउंडसारख्या कुत्र्यांची मान डोक्यापेक्षा जाड असते. मागे सरकलं की साधा पट्टा त्यांच्या डोक्यावरून निघून येतो. त्यांच्यासाठी मार्टिंगेल नावाचा कापडी पट्टा असतो. ओढ बसली की तो ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळतो. ती मर्यादा नीट लावली असेल तर तो गळा दाबत नाही. तशी लावता येत नसेल तर वापरू नये.

## दुखवून काम करणारी साधनं

कुठलंही साधन हातात घेतलं की मी एकच प्रश्न विचारते: हे काम कशामुळे करतं? कुत्र्याला ते टाळावंसं वाटतं म्हणून करत असेल, तर त्यात दुखणं किंवा भीती आहे. वेष्टनावर काहीही लिहिलेलं असो.

चोक चेन म्हणजे सरकफासाची साखळी. ओढली की आवळत जाते, आणि किती आवळायचं याला तिच्यात मर्यादाच नसते. काट्यांच्या पट्ट्याला आतून बोथट धातूचे दाते असतात. ओढ बसली की ते चहूबाजूंनी मानेला चिमटा काढतात. इलेक्ट्रिक पट्टा रिमोटचं बटण दाबलं की झटका देतो. तिन्हींचं तत्त्व एकच. विजेच्या पट्ट्यांवर वेल्सनं २०१० साली बंदी घातली. जर्मनीत २०२२ पासून प्रशिक्षणात काट्यांचे पट्टे वापरायला मनाई आहे.

हे घरच्या कुत्र्यालाही नको. पण थेरपी डॉगच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी जोडल्या जातात आणि त्या फार कमी लोक बोलून दाखवतात.

पहिली गोष्ट सुरुवातीच्या प्रसंगात आली. कुत्रा दुखण्याची गाठ त्या क्षणी समोर जे असेल त्याच्याशी बांधतो. वॉर्डात समोर असतो रुग्ण, वॉकर घेतलेली आजी, टक्कल पडलेलं मूल, ऑक्सिजनची नळी. कुत्रा आनंदानं पुढे झेपावला म्हणून प्रत्येक वेळी मानेत चिमटा बसला, तर काही आठवड्यांत झेपावणं थांबेल हे खरं. पण चाकाची खुर्ची दिसली की त्याचं अंग ताठ होऊ लागेल हेही तितकंच खरं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, किती शिस्तीचा झाला!

दुसरी गोष्ट मला त्याहून गंभीर वाटते. अस्वस्थ झालेला कुत्रा एकदम चावत नाही. आधी तो नजर वळवतो, ओठ चाटतो, भूक-झोप काही नसताना जांभई देतो, डोळ्याची पांढरी कड दाखवतो, एक पंजा उचलून धरतो, मागे सरकतो, मग गुरगुरतो. ही त्याची ‘नको’ म्हणायची पद्धत आहे, पायरीपायरीनं आवाज वाढवत नेलेली. यांतल्या मागे सरकण्याला किंवा गुरगुरण्याला शिक्षा मिळत गेली, तर कुत्रा त्या पायऱ्या गाळायला शिकतो. भीती तशीच राहते, फक्त ती कळवायचा रस्ता बंद होतो. असा कुत्रा आजारी माणसाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर बसवणं किती धोक्याचं आहे, ते वेगळं सांगायला नको. म्हणूनच मघाशी म्हटलं की साधनांचे नियम रुग्णाच्याही सुरक्षेसाठी आहेत.

## “कुत्र्याची कातडी जाड असते, त्याला एवढं लागत नाही”

उलट आहे. केस दाट असतात, कातडी नव्हे. कुत्र्याच्या कातडीचा सगळ्यात वरचा थर साधारण ३ ते ५ पेशींच्या जाडीचा असतो. माणसाचा १० ते १५ पेशींचा.

“आई पिल्लाला मानेलाच धरून नेते की,” असंही ऐकू येतं. ती अगदी तान्ह्या पिल्लाला उचलून जागा बदलते, त्याला धडा शिकवत नसते. पस्तीस किलोच्या लॅब्रडॉरच्या गळ्याला हिसका देण्याशी त्याचा काहीच संबंध नाही.

“मी फक्त कंपनावर ठेवतो, झटका देत नाही” हा मुद्दा जरा अवघड आहे, कारण सगळी कंपनं वाईट नसतात. बहिऱ्या कुत्र्याला ‘माझ्याकडे बघ’ सांगायला कंपनाचा पट्टा वापरतात आणि त्यानंतर लगेच खाऊ देतात. कुत्रा शेपूट हलवत येतो. पण तेच कंपन ‘नाही’ म्हणण्यासाठी वापरलं आणि कुत्रा दचकून थांबला, तर तो भीतीनं थांबला. पुन्हा तोच प्रश्न: काम कशामुळे झालं?

## हार्नेस कसा ओळखायचा?

थेरपीच्या कामासाठी मी आधी वायच्या आकाराचा हार्नेस बघते. समोरून पाहिल्यावर दोन पट्ट्या खांद्यांवरून उतरून छातीच्या मधल्या हाडावर एकत्र येतात आणि तिथून एक पट्टी पुढच्या पायांमधून पोटाखाली जाते. इंग्रजी ‘वाय’ दिसला की समजायचं. यात गळा मोकळा राहतो आणि ओढ हाडावर येते. दुसऱ्या प्रकारात छातीवर एक आडवी पट्टी असते. ती खांद्याच्या सांध्यावरून जाते, आणि सैल झाली की वर सरकून गळ्यावर येते.

मग आडवी पट्टी वाईट आणि वाय चांगला, एवढं सोपं आहे का? नाही. २०१९ साली कुत्र्यांच्या चालीचा अभ्यास झाला तेव्हा दोन्ही प्रकारांनी खांदा पुढे जाण्यात अडथळा आणला, आणि ज्याला मोकळा समजलं जात होतं त्या वायच्या आकारानं उलट जास्त आणला. अभ्यास मोजक्या कुत्र्यांवरचा होता, पण त्यातून मी एक गोष्ट घेतली: आकाराच्या नावावर विसंबू नये, आपल्या कुत्र्याच्या अंगावर तो कसा बसतो ते बघावं.

ते बघायचं कसं? हार्नेस घातल्यावर प्रत्येक पट्टीखाली आपली दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत, सहज पण सैलसर नाहीत. छातीवरची गाठ गळ्याच्या खड्ड्यात न येता त्याखालच्या हाडावर असावी. पोटाची पट्टी कोपराला चिकटून नको. मोठ्या कुत्र्यात कोपर आणि पट्टी यांत तीन-चार बोटांचं अंतर हवं. मग कुत्र्याला बसवा, झोपवा, वळवा, जमिनीवरचा खाऊ उचलायला लावा. उभं असताना छान बसलेला हार्नेस झोपल्यावर गळ्याशी येतो का, हे घरीच कळायला हवं, कारण वॉर्डात थेरपी डॉगचा बराच वेळ झोपून किंवा डोकं टेकून जातो. शेवटी लीश पुढून हलकेच धरून कुत्र्याला मागे सरकू द्या. खांदे आक्रसून तो बाहेर निसटत असेल तर तो हार्नेस भेटीसाठी नाही.

माझी कुत्री तांबी हिच्या पुढच्या पायामागे, काखेत, एकदा अंघोळ घालताना मला रुपयाएवढा केस गेलेला ठिपका सापडला. कातडी गुलाबी झाली होती. मापाचा हार्नेस होता, दोन बोटं जात होती, सगळं नियमानं होतं. पण पट्टीची शिवण आतल्या बाजूला होती आणि दर पावलाला ती तेवढ्याच जागी घासत होती. वरून केस असल्यामुळे दोन महिने दिसलं नाही. तेव्हापासून नवा हार्नेस घेताना मी आधी त्याच्या आतल्या शिवणीवरून अंगठा फिरवते, आणि दर भेटीनंतर तिच्या काखेत हात घालून बघते.

## “हार्नेस घातला की कुत्रा जास्त ओढतो”

यात तथ्य आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाठीवर कडी असलेल्या हार्नेसमध्ये कुत्र्यांनी पट्ट्यापेक्षा जास्त जोर लावून ओढलं. साहजिक आहे, दुखत नाही, श्वास कोंडत नाही, तर का नाही ओढणार? पट्ट्यात तो कमी ओढतो याचं कारण गळ्याला लागतं हे आहे. त्याला ओढू नकोस हे अजून कुणी शिकवलेलंच नाही.

ते शिकवेपर्यंत छातीवर कडी असलेला हार्नेस मदत करतो. लीश पुढे अडकवली की ओढणाऱ्या कुत्र्याचं अंग हळूच आपल्याकडे वळतं, जोर पुढे लागत नाही. काही हार्नेसना पाठीवर आणि छातीवर अशा दोन कड्या असतात, मला ते सोयीचे वाटतात. ‘नो-पुल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही हार्नेसमध्ये मात्र बारीक दोऱ्या काखेत आवळतात. ते हार्नेसच्या वेषातले चिमटेच आहेत, त्यांच्यापासून लांब राहा.

आणि एक स्पष्ट सांगते. ज्या कुत्र्याला आवरण्यासाठी अजून साधनाची गरज लागते, तो भेटीला तयार झालेला नाही. त्याला वेळ द्या. दोन कड्यांचा हार्नेस सरावासाठी ठीक आहे. वॉर्डात लीश सैल, मधे झोळ पडलेली दिसली पाहिजे.

## तोंडावरून जाणारा पट्टा चालेल का?

हेड हॉल्टर म्हणजे घोड्याच्या मोरखीसारखा, नाकावरून आणि कानांमागून जाणारा पट्टा. डोकं वळलं की अंग वळतं, म्हणून अशक्त हातांनाही मोठा कुत्रा सांभाळता येतो. तो दुखवण्यासाठी बनवलेला नाही आणि काही संस्था तो चालवून घेतात. पण हिसका बसला तर मान पिरगळते, शिवाय बहुतेक कुत्र्यांना तो नाकावर आवडत नाही. सवय लावायला कित्येक दिवस खाऊ देत देत जावं लागतं. आणि भेटीत एक वेगळीच अडचण येते. लांबून तो मुसक्यासारखा दिसतो. ‘चावतो का हो?’ असं विचारत रुग्ण हात मागे घेतात. मी वापरत नाही.

## लीश: इथे घाई करू नका

हार्नेस निवडायला लोक आठवडा घालवतात आणि लीश घरात असेल ती उचलतात. भेटीतले निम्मे घोटाळे लीशमुळे होतात, हा माझा अनुभव.

लांबी ४ ते ६ फूट, ठरावीक, कमी-जास्त न होणारी. वॉर्डात मी ४ फुटांचीच वापरते. पलंगांच्या मधल्या जागेत सलाईनचा स्टँड, लघवीची पिशवी, नळ्या, वायरी असतात. लांब लीशचा झोळ नेमका त्यांच्यात अडकतो. सैल आणि लांब यांत फरक आहे. झोळ गुडघ्याच्या वर राहिला पाहिजे, जमिनीवर लोळता कामा नये.

बटणानं लांब-आखूड होणारी लीश अजिबात नको. तिची बारीक दोरी वेगानं सरकताना कातडी भाजते, कापते. वॉकर घेऊन चालणाऱ्या आजींच्या पायांत ती दिसतही नाही. शिवाय तिची स्प्रिंग सतत हलकी ओढ देत राहते, म्हणजे सैल लीशवर चालणं कुत्र्याला कधी शिकताच येत नाही. आणि हातातून तिची प्लॅस्टिकची मूठ सुटली तर ती खडखडत कुत्र्यामागे धावते. घाबरलेला कुत्रा तिच्यापासून पळतो, ती आणखी मागे लागते.

लिफ्टमध्ये शिरताना कुत्रा आणि तुम्ही एकत्र आत जा, लीश आखूड धरून. एक आत आणि एक बाहेर असताना दार मिटणं हा जिवाशी खेळ आहे. लीश पलंगाला, खुर्चीला, वॉकरला कधीही बांधू नका, क्षणभरही नाही. कुत्रा दचकला तर खुर्ची त्याच्यासोबत जाईल. लीशचं कडं मनगटात घट्ट गुंडाळू नका. अंगठा कड्यात घालून मूठ मिटा.

मुलांना कुत्र्याला ‘फिरवायचं’ असतं. त्यांना नाही म्हणवत नाही. अशा वेळी दुसरी हलकी लीश हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला अडकवून ती मुलाच्या हातात द्यायची, आपली आपल्याच हातात ठेवायची. मुलाला वाटतं आपणच नेतोय. तांबी माझ्या पायाकडे बघत चालते.

हुक तपासा. स्प्रिंगचा हुक वाळू, केस, गंज यांनी अडतो आणि पुरता मिटत नाही. भेटीला निघण्याआधी तो दोनदा उघडून बंद होताना ऐकायचा.

## रुग्णालयात आणखी काय बघावं लागतं?

स्वच्छता. अनेक हात कुत्र्याला लागतात, तसेच ते हार्नेसलाही लागतात, आणि एका हातावरचे जंतू दुसऱ्या हातावर जायला कापडाची पट्टी पुरते. कुत्र्याला हात लावण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ करायला सांगतातच. साधनही दर भेटीनंतर धुता येईल असं हवं. चामडं दिसायला सुंदर, पण धुवायला कठीण. नायलॉनची विणलेली पट्टी मशीनमध्ये जाते. प्लॅस्टिकचं आवरण असलेली पट्टी पुसून लगेच कोरडी होते. भेटीचा संच वेगळा ठेवा, रोजच्या फिरण्याचा वेगळा.

आवाजही बघा. पट्ट्याला लटकणारे धातूचे बिल्ले खुळखुळतात. आपल्याला ते ऐकूही येत नाहीत, पण आवाज सहन न होणाऱ्या मुलाला आणि नुकत्याच झोप लागलेल्या रुग्णाला येतात. बिल्ल्याऐवजी पट्ट्यावर सपाट बसणारी पाटी लावावी.

‘थेरपी डॉग’ लिहिलेलं जाकीट हार्नेसवर चढवलं की कुत्रा तापतो. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो. बंद, उबदार वॉर्डात जाडजूड जाकिटापेक्षा हार्नेसवर चिकटवलेली नावाची पट्टी पुरेशी आहे.

लहान कुत्र्यांना मांडीवर ठेवायला उचलावं लागतं. हार्नेसच्या पाठीवरच्या मुठीला धरून कधीच उचलू नका. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली.

## नव्या साधनाची ओळख करून देताना

आणल्या दिवशी घालून बाहेर नेऊ नका. आधी जमिनीवर ठेवा, कुत्र्याला हुंगू द्या, खाऊ द्या. मग गळ्याचा भाग हातात गोल धरून त्यातून पलीकडे खाऊ दाखवा. कुत्रा स्वतः डोकं घालेल तेव्हाच घालू द्या, लगेच काढू द्या. बकल लावायचा ‘टक’ आवाज लांबून ऐकवा, मग जवळून. सगळं जुळायला कधी दोन दिवस लागतात, कधी दोन आठवडे. डोक्यावरून काही आलेलं ज्यांना अजिबात खपत नाही, त्यांच्यासाठी मानेपाशीही उघडणारा हार्नेस घ्यावा.

याचा फायदा फक्त सवयीपुरता नाही. असं शिकलेल्या कुत्र्याला रोज विचारता येतं. भेटीच्या दिवशी मी दारापाशी खाली बसते, हार्नेस गोल धरते आणि थांबते. खाऊ हातात नसतो. तांबी शेपूट हलवत येते आणि डोकं आत घालते. चार वर्षांत बहुतेक वेळा असंच झालं.

एका शनिवारी ती आली, हार्नेसपाशी थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि मान बाजूला वळवून ओठ चाटले. मी हार्नेस खाली ठेवून पुन्हा उचलला. ती दोन पावलं मागे गेली. चालण्यात, खाण्यात, डोळ्यांत काहीच वेगळं दिसत नव्हतं. वृद्धाश्रमात फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं. पलीकडच्या ताईंना वाईट वाटलं ते आवाजात कळलं. संध्याकाळी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले असताना उजव्या कानाला हात लागला आणि तिनं अंग चोरलं. आत लाल झालं होतं, वास येत होता. हार्नेस घालताना नेमका तोच कान दुमडतो. त्या दुपारी निदान दहा-बारा आज्या-आजोबांनी तिचे कान कुरवाळले असते.

दहा दिवस औषध घातलं. अकराव्या दिवशी मी दारापाशी हार्नेस धरून बसले, तेव्हा तिनं आधी तो हुंगला, मग डोकं घातलं.